स्टॉकहोमच्या उपनगरांत अण्णांसाठी बाकडं शोधताना

स्टॉकहोमला महिनाभर राहून आलो म्हटलं की लोक विचारतात, राजवाडा पाहिला का? जुनं शहर पाहिलं का? ते समुद्रातून वर काढलेलं जहाज पाहिलं का? नाही हो, काही पाहिलं नाही. मी पाहिली बाकडी. शहराच्या कडेकडेच्या उपनगरांतली, लाकडी, लोखंडी, हात असलेली आणि नसलेली. तेव्हा राजवाड्याचे फोटो हवे असतील तर दुसरीकडे बघा, इथे वेळ घालवू नका.

झालं असं. नाशिकला सातपूरमध्ये मी ज्या कंपनीत आहे तिचं स्वीडनमधल्या एका कंपनीशी काम चालतं. साहेबांनी बोलावून विचारलं, तीन वर्षांसाठी तिकडे जाणार का, कुटुंब घेऊन? आधी महिनाभर प्रशिक्षणाला जा, बघून ये आणि दिवाळीच्या आत काय ते सांग. बायको वैशाली आणि आमची पोरगी एका पायावर तयार. अडलं ते अण्णांपाशी.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरीला टेकलेत, आई जाऊन बरीच वर्षं झाली. मखमलाबादला आमचा गुलाबाचा आणि पालेभाजीचा मळा होता, तो विकून आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. आलो आम्ही, अण्णा काही पुरते आले नाहीत. रोज सकाळी न्याहारी झाली की पिशवी घेऊन निघायचे, रविवार कारंजाच्या थांब्यावर बस बदलून मखमलाबादला जायचे आणि शांतारामबापूंच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसायचे. तिथे चार टाळकी जमायची. गव्हाच्या भावापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या की अण्णा जेवायला घरी.

स्वीडनचं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "येतो की. मला काय, इथं काय आन् तिथं काय. पन मी तिथं बसू कुठं, तेवढं बघून ये."

मी ऐन पितृपक्षात निघालो. पितृपक्षात कोणी परदेशी निघतं का म्हणून सासूबाईंनी फोनवर माझं डोकं खाल्लं. एक मात्र सांगतो, त्या पंधरवड्यात आपल्या मंडळींची गर्दी कमी असते आणि खिडकीची जागा मिळते. बॅगेत भाजणी, मेतकूट, चिवडा आणि एक छोटा कुकर. कुकर न्याच. बाहेर एकवेळ जेवायचं म्हटलं तरी रुपयांत गुणाकार करून घास अडकतो.

कंपनीने मला वेलिंगब्यू नावाच्या उपनगरात ठेवलं होतं. शहराच्या मध्यापासून हिरव्या रंगाच्या मेट्रोने अर्धाएक तास. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारने हे गाव कागदावर आखून वसवलं, घर, नोकरी, बाजार सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. थोडक्यात, यांचं सिडको. फक्त आपल्या सिडकोत माणसं वाढीव बांधकाम करून रस्त्यावर येतात, इथे रस्त्यावर माणूसच दिसत नाही. चौकात फरशीवर मोठीमोठी वर्तुळं आहेत, कारंजं आहे, बाकडी आहेत. मी पहिल्याच दिवशी मनात टिपून ठेवलं, अण्णांची सोय झाली.

कसली सोय! संध्याकाळी जाऊन बघतो तर बाकडी रिकामी. बसलेला माणूस दोन मिनिटांत बूट बांधून उठतो. मी राहत होतो त्या इमारतीत जिन्यावर आठवडाभरात मला एकही माणूस भेटला नाही. ऑफिसातला अँडर्स म्हणाला, "आम्ही दाराला कान लावतो. बाहेर पाऊल वाजलं तर ते जाईपर्यंत थांबतो." मला वाटलं गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जिन्यात उभा राहिलो. समोरच्या दाराआड किल्ली खुळखुळली आणि थांबली. मी खाली उतरलो तेव्हा दार उघडल्याचा आवाज आला. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! अरे बाबा, मी काय तुला खाणार होतो का?

संध्याकाळी खिचडी लावायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून खायची, हा माझा दिनक्रम. खिडकीखाली बसथांबा होता. काचेचा आडोसा, आत एक लाकडी बाकडं. त्यावर निळी टोपी घातलेले एक आजोबा बसलेले असायचे, शेजारी पिशवी. बस यायची, ते हात हलवून 'जा' म्हणायचे, बस जायची. मला वाटलं, यांची बस वेगळी असेल. घरी फोन केला की वैशाली विचारायची, "कोणाशी बोललास का आज?" मी म्हणायचो, "हो, पुष्कळ." खोटं बोलायचो. ऑफिस सुटलं की सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारा तो कुकर तेवढा होता.

शनिवार-रविवार मी अण्णांचं काम काढलं. महिन्याचा पास घ्या, मेट्रो, बस, लोकल सगळ्याला चालतो आणि पैसे वसूल होतात. एक सांगून ठेवतो, नावं लिहिलीत तशी वाचू नका. आमचं ऑफिस होतं त्या भागाचं नाव मी मेट्रोत एका बाईंना 'किस्ता' म्हणून विचारलं, त्यांना कळेचना. तो उच्चार 'शीस्ता' निघाला.

पहिला शनिवार रिंकेब्यू. अँडर्सने भुवया उंचावल्या, "तिकडे कशाला?" म्हटलं, माणसं बघायला. आणि काय सांगू, स्टेशनातून वर आलो तर कलकलाट! तुर्की, अरब, सोमाली मंडळी, बुरखे, बाबागाड्या, टरबुजांचे ढीग. माझा जीव भांड्यात पडला. हॉटेलांत म्हाताऱ्यांची टेबलं भरलेली, काचेच्या छोट्या पेल्यातून चहा चाललेला. मी फलाफलची, म्हणजे हरभऱ्याच्या वड्यांची, गुंडाळी घेतली (पोटभर आणि परवडणारी, नक्की खा) आणि तासभर बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं, एका टेबलावर तुर्की, एकावर अरबी, एकावर सोमाली. जिथे आपली भाषा तिथे आपली खुर्ची. मी दुकानदाराला विचारलं, "भारतातले म्हातारे कुठे बसतात?"

त्याने मनापासून विचार केला आणि म्हणाला, "घरात. टीव्हीसमोर."

पुढच्या आठवड्यात लाल मेट्रोने शेरहोल्मेनला गेलो. तिथे चौकात भाजीबाजार भरतो, विक्रेते अगदी आपल्यासारखे ओरडतात. एका गाड्यावर कोथिंबिरीच्या जुड्या होत्या, मुळं छाटून रबर लावलेल्या. मी जुडी उचलून वास घेतला. अण्णा असते तर म्हणाले असते, "लय पानी मारलंय, संध्याकाळपर्यंत काळी पडंल." भर बाजारात जुडी नाकाशी धरून उभा राहिलो आणि डोळे भरून आले. विक्रेत्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक जुडी फुकट दिली. पण बाजार चार वाजता गुंडाळला आणि बसायला उरले ते बंद दुकानांचे कठडे.

त्यानंतर हेसेलब्यूला, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर. उतरलं की पाच मिनिटांत तळं. पिवळी झालेली झाडं, काळं पाणी, काठावर ओळीने सुंदर बाकडी. तुम्ही गेलात तर इथे नक्की जा, डबा घेऊन जा, इतकं देखणं ठिकाण आहे. मी तिथे बसलो आणि मला अक्षरशः पळून जावंसं वाटलं. अण्णांना इथे बसवून मी ऑफिसला जायचं? दिवसभर त्यांनी पाण्याशी बोलायचं?

शेवटच्या रविवारी सामान बांधून झालं. खिडकीतून पाहिलं तर निळी टोपी हजर. म्हटलं जायचंच आहे उद्या, लाज कशाला? खाली उतरलो आणि सरळ त्यांच्या बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तिकडे असं कोणी बसत नाही, सगळं बाकडं मोकळं असलं तरच बसतात. ते ताठ झाले. मीही ताठ. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि सवयीने जे बाहेर पडलं ते इंग्रजीत असं, "जेवण झालं का?"

आता आपल्याकडे या प्रश्नाचा जेवणाशी काही संबंध नसतो. त्यांना काय माहीत! माझ्याकडे काळजीने बघत त्यांनी विचारलं, "तुला भूक लागली आहे?" आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेला दालचिनीचा गोड पाव काढून अर्धा माझ्या हातावर ठेवला. नाही कसं म्हणणार? खाल्ला.

तेवढ्यात बस आली. आजोबांनी हात हलवला, ड्रायव्हरने हात वर केला, बस गेली. मग दुसरी आली, तीही गेली.

"तुमची बस कुठली?" मी विचारलं.

"कुठलीच नाही," ते म्हणाले. गुनार त्यांचं नाव. जन्मभर पोस्टात होते, बायको गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटेच. "चौकातल्या बाकावर म्हातारा एकटा बसला की लोक म्हणतात, बिचारा. मग कोणीतरी काळजीने नगरपालिकेच्या ऑफिसात कळवतं, तपासायला बाई येते. इथे बसलं की लोकांना वाटतं बसची वाट बघतोय. वाट बघणाऱ्याला कोणी बिचारा म्हणत नाही."

मी त्यांना अण्णांचं सांगितलं. गिरणीचं, ओट्याचं, आणि 'मी तिथं बसू कुठं' हेही.

"इंग्रजी येतं त्यांना?"

"नाही."

"स्वीडिश?"

"कुठलं हो!"

"मग बरं आहे," गुनार म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

आणि बाकड्यावरची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

त्या माणसाचा मला फार लळा लागला, अर्ध्या तासात. पण वर आल्यावर माझं पक्कं झालं. नाही म्हणायचं. गुलाबाच्या मळ्यात आयुष्य काढलेल्या बापाला न येणाऱ्या बसची वाट बघायला मी सातासमुद्रापार नेणार नाही. नाशिकला त्यांचा ओटा आहे, त्यांची टाळकी आहेत, तिथेच ते राजे आहेत. विमानात मला छान झोप लागली.

कोजागिरीच्या आसपास घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत अण्णा निघून गेले होते. ही बातमी त्यांना ओट्यावरच, टाळक्यांसमोर द्यावी म्हणून मी स्कूटर काढली आणि मखमलाबादला गेलो.

गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. ओटा फोडून तिथे काचेचं दार बसवलेलं. आतला माणूस म्हणाला, "गिरणी? ती व्हय, मागच्या उन्हाळ्यातच बंद झाली. शांतारामबापू पोराकडं ठाण्याला गेले ना."

"आणि अण्णा? रोज इथे येतात ते?"

"कोन अण्णा?"

परत फिरलो. रविवार कारंजाला गर्दीत स्कूटर हळू केली आणि बसथांब्याकडे सहज नजर गेली. अण्णा बसले होते. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, शेजारी पिशवी. मखमलाबादची लाल बस येऊन थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "काय अण्णा, येताय का आज तरी?" अण्णांनी हात हलवला. "जाऊ द्या, पुढच्यानं येतो." त्याने घंटी मारली, बस गेली.

मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. आणखी एक बस आली, तीही गेली. मग मी स्कूटर लावली, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"जेवण झालं का?" मी विचारलं.

अण्णा दचकले. मग समोरच बघत म्हणाले, "गिरनीवर गेलता व्हय?"

"अण्णा, सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तुमी म्हनला असता, बसा घरात. घरात बसून किती बसू? आन् खाली सोसायटीत एकटं बसलं की वॉचमन इचारतो, आजोबा, काय तरास होतोय का? हितं कोनी काय इचारत नाय. बसची वाट बघतोय म्हनलं की झालं."

महिनाभर सगळ्या रंगांच्या मेट्रो पालथ्या घातल्या, बाकडी तपासली आणि घरातल्या माणसाला विचारलंच नाही की तुम्ही हल्ली बसता कुठे. मग मी त्यांना गुनारचं सगळं सांगितलं. निळी टोपी, हात हलवून पाठवलेल्या बसेस, अर्धा पाव, कमी ऐकू येणं. अण्णा हसले. समोर फुलवाली गुलाबांवर पाणी मारत होती, तिच्याकडे बघत राहिले.

"त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली म्हनतो?"

"हो."

"मंग जागा हाय," अण्णा म्हणाले.