चेन उशाशी घेऊन झोपणारी आत्या

माझी आत्या रात्री मोटारसायकलची चेन उशाशी घेऊन झोपते. फडक्यात गुंडाळलेली, तेल लावलेली, अख्खी चेन. शेजारच्या काकू म्हणतात, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. झालाय खरा, पण तो करणारा माणूस आमच्याच घरात राहतो आणि मी त्याला बाबा म्हणतो.

आत्या बाबांची मोठी बहीण. शिलाई मशीनं दुरुस्त करते. पेटी गाडीच्या मागे बांधायची आणि कारखान्यांत, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या घरी फिरायचं, हा तिचा धंदा. लोकांच्या नाकावर राग असतो, आत्याच्या नाकावर तो चष्म्यासारखा कायमचा बसलेला आहे. मशीनलासुद्धा रागावते. "चाल की गं भवाने," म्हणाली की मशीन चालतं. निदान मी तरी न चाललेलं पाहिलेलं नाही.

गाडी तिने स्वतःच्या कमाईतून घेतली. पण घ्यायच्या दिवशी ती एका कारखान्यात अडकली होती, म्हणून सह्या करायला बाबा गेले, आणि कागद आले बाबांच्या नावावर. "तुझं काय नि माझं काय, घरातलंच आहे," बाबा म्हणाले. घरातलं म्हणून जे ठेवलं, ते तसंच राहिलं.

तिचा सगळ्यात मोठा कारखाना चढावर आहे. गेल्या महिन्यात त्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी पुढे जाईना. मग ती मागे घरंगळली, आणि आत्या, पेटी, पेटीतल्या सुया असे सगळे रस्त्यावर आले. आत्याचं कोपर खरचटलं.

"ताई, बास आता," बाबा म्हणाले. "तुझं वय झालं."

"माझं नाही, क्लचप्लेटींचं झालंय."

तिने इंजिनाचा जोर चाकाकडे नेणाऱ्या नव्या क्लचप्लेटी मागवल्या, चेन आणि तिची दोन दातेरी चाकं असा अख्खा चेनसेट मागवला आणि सुट्टीच्या सकाळी दारातल्या व्हरांड्यात पोती अंथरून गाडी उघडायला घेतली. आदल्या रात्रीच आईच्या एका पातेल्यात नव्या प्लेटी तेलात भिजत पडल्या होत्या. कोरड्या बसवल्या तर जळतात म्हणे. आईने झाकण उघडून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हे पातेलं आता तुमच्या गाडीलाच लखलाभ होवो."

माझं काम गाडीवर बसून मागचा ब्रेक दाबून धरायचं. चाक फिरू दिलं नाही तरच पुढच्या लहान दातेरी चाकाचा नट सुटतो. आत्याने चेनवरचं कव्हर काढलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

आत चेन नवी कोरी होती. चकचकीत.

"ही कोणी टाकली?"

मला काय माहीत! मी तर ब्रेकवर होतो. आत्याने मागच्या दातेरी चाकावरून बोट फिरवलं. दाते झिजून मांजराच्या नखांसारखे वाकलेले होते. त्यांच्यावर नवी चेन म्हणजे पडक्या दातांच्या माणसाला भाड्याने हसू आणून देणं. चार दिवस चमकणार, मग ते दाते चेनलाही खाणार.

"चालवायच्या गाडीला अशी एकटी चेन कोणी घालत नाही," आत्या हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलायला लागली की आम्ही घरातल्या काचेच्या वस्तू आत नेतो. "अशी चेन विकायच्या गाडीला घालतात."

बाबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मलाही कळलं.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. एक ओळखीचे आहेत, फळवाले. आज बघायला येतायत. उद्या पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन. चालत त्या चढावर पेटी कोण नेणार, तू?"

"रिक्षा कर."

"रोज? मग कमवू काय, रिक्षावाल्यासाठी?"

यानंतर आत्या बाबांशी एक शब्द बोलली नाही. जे बोलायचं होतं ते नटबोल्टांशी बोलली, आणि वड्याचं तेल वांग्यावर तसं बाकीचं माझ्याशी. "दाब नीट! घरात सगळ्यांनाच पाय ढिले सोडायची सवय!" इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण निघालं, जळक्या काळ्या प्लेटी निघाल्या, तेलात भिजलेल्या नव्या बसल्या. त्यांना दाबून धरणाऱ्या चारी स्प्रिंगांचे बोल्ट तिने समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे आवळले. दोन्ही दातेरी चाकं बदलली. बाबांची चेन दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकली आणि सेटमधली चढवली. शेवटी चेनच्या दोन टोकांना जोडणारी पिटुकली क्लिप लावली. तिचं बंद तोंड चेन पळते त्या बाजूला आलं पाहिजे, नाहीतर ती चालता चालता उडते. एवढ्या रागातही आत्याने ते तोंड दोनदा तपासलं.

मग गाडी चालू केली, चढावर नेली आणि तशीच गुरगुरत परत आणली. इतका सुंदर आवाज! आत्याच्या चेहऱ्यावर हसू येणारच होतं, तेवढ्यात फळवाले आले.

फळवाल्यांनी गाडीवर बसून एक चक्कर मारली. उतरले ते खूश होऊन. "वा! फोनवर सांगितलंत त्यापेक्षा भारी निघाली की!"

बाबा हसले. खरोखर हसले हो. बहिणीने अख्खी सुट्टी राबून ठणठणीत केलेल्या गाडीचं कौतुक हा माणूस हात बांधून स्वीकारत होता. आयत्या बिळावर नागोबा मी शाळेत शिकलो होतो, त्या दिवशी घरीच पाहिला.

आत्या उठली. पक्कड घेतली. खाली बसून क्लिप उडवली, जोड काढला, आणि सळसळ करत चेन ओढून हातावर गुंडाळली.

"अहो बाई, हे काय?" फळवाले म्हणाले.

"गाडी ह्याची आहे, कागद आहेत ना. चेन माझी आहे. घेऊन जा गाडी."

"ताई, चारचौघांत तमाशा नको. कागद माझ्या नावावर आहेत!"

"मग कागदावर बसून जा."

फळवाले शहाणे. "तुमचं घरातलं आधी मिटवा," म्हणाले आणि पायीच गेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आत्या चेन काढते आणि सकाळी लावते. क्लिपा वरचेवर ढिल्या होतात, त्या मी आणतो. बाबांनी आठवडाभर अबोला धरला. मग एका सकाळी त्यांना लांब कुठेतरी लग्नाला जायचं होतं आणि रिक्षा मिळेना. नवा शर्ट घालून ते आत्याच्या खाटेपाशी उभे राहिले.

"ताई, चेन दे."

"कागद कुठेयत?"

"दुपारी लग्नाहून येताना कचेरीत जातो. तुझ्या नावावर करायचा अर्ज देतो."

"आधी कचेरी, मग लग्न."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "बरं."

तिने चेन दिली. बाबा शर्टाच्या बाह्या सावरत व्हरांड्यात बसले आणि खटपट करून एकदाची क्लिप लावली. आत्या दारातून बघत होती. क्लिपचं बंद तोंड उलट्या बाजूला होतं.

"सरक," ती ओरडली. "अकलेचा कांदा! तोंड फोडून घेशील रस्त्यात!" आणि खाली बसून, शिव्या देत देत, तिने ती उलटून लावली.

अर्ज दिलाय, कागद अजून आलेले नाहीत. चेन अजून उशाशीच आहे.