लाल चिंध्या

नाव छापलं तर भांडायला येईल, म्हणून लिहीत नाही. आमच्या गावातला हा पोरगा मोबाइल दुरुस्त करतो. "जमणार नाही" ऐकलं की मान तिरकी करून विचारतो, "कोण सांगतो?"

माझ्या आंब्याच्या कलमांच्या मोहरावर तुडतुडा किडा पडला होता आणि फवारणीला गडी मिळेना. ड्रोनवाले म्हणाले, बाग डोंगराआड, तिथे रिमोट पोचत नाही. याने स्वतःच्या ड्रोनमध्ये सिमकार्ड घातलं. "मोबाइलच्या रेंजवर उडवतो." मग दिवसभर फोन हातात धरून बाग हिंडला आणि रेंज मिळेल त्या कलमाला लाल चिंधी बांधत गेला.

मला हे ठाऊक नव्हतं. सकाळी चिंध्या दिसल्या आणि मला करणीचाच संशय आला. सगळ्या सोडवून जाळल्या, वर बागेच्या राखणदार देवाला नारळ दिला.

राखेकडे बघून तो म्हणाला, "काका, तुम्ही बीएस्सी ना?"

"चुकलो रे. राहू दे आता."

"कोण सांगतो?" म्हणत तो पहिल्या कलमापासून पुन्हा हिंडू लागला.

दुसऱ्या दिवशी ड्रोन डोंगराआड गेला. मी डोळे मिटले. टाकी रिकामी करून तो परतला, तेव्हा म्हटलं, "पुरे. एवढा मोहर वाचला, खूप झालं."

तो पुन्हा औषध भरतच होता. "का? कड्यावरची चार कलमं सावत्र काय?"