फोनला वळख पटंना

राधानगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत तानाबाई अंगणवाडी चालवते. उभं आयुष्य यातच गेलं. पोरांची नाकं पुसली, वजनं केली, बाळंतिणींना पोषणाची पाकिटं पोचवली. आता गुडघे बोलतात. रिटायर व्हायला थोडंच उरलंय.

मधी वरनं हुकूम आला, कामाचं ओझं कमी करा. सुपरवायझर स्वप्नाली मॅडम स्कूटीवरून आल्या.

"सुटलात बाई! सगळी रजिस्टरं बंद. आता फोनमधीच सगळं."

"मग ही चुलीत घालू?"

"अहो नको! तपासणीला लागतील. आणि रजिस्टरं बंद केली म्हणून एका नव्या रजिस्टरात लिवून ठेवा."

मॅडम स्वतःही दमल्या होत्या. पाणी पिऊन निघून गेल्या.

फोनचं काम असं, की आईचा चेहरा दाखवायचा, आधीच्या फोटोशी जुळला तर पाकीट द्यायचं. न जुळता दिलं तर हिशोबात पाकीट कमी दिसतं आणि तानाबाईचं मानधन अडकतं. वाडीत रेंज फक्त दूध संस्थेच्या कट्ट्यावर. म्हणून किटलीवाले आणि पोरं काखोटीला मारलेल्या बायका एकाच ठिकाणी दाटी करतात.

चेहरा जुळवायच्या पहिल्याच सकाळी क्रांतीचा चेहरा जुळेना. पहिलटकरीण, अंगावर पिणारं पोर, आणि स्वतः वाळून काडी झालेली. डॉक्टरनं पाकीट चुकवू नको म्हणून बजावलेलं.

"पदर काढ. हिकडं बघ. हास जरा."

"हासू कशाला बाई, पोटात काय न्हाय."

फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही.

संस्थेत दुधाचं फॅट तपासणारे गणपतराव खिडकीतून ओरडले, "मी नुसतं दूध बघून म्हस वळखतो की! तुमचं यंत्र बाईमाणूस वळखंना व्हय?"

"तुमची म्हस फोटोला नटून बसली न्हाय, गणपतराव," तानाबाई म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं.

फोटो नोंदवायची शेवटची तारीख आली, तेव्हा अंगणवाडीत गरोदर बायकांचं डोहाळजेवण होतं. सगळ्या एका जागी सापडल्या म्हणून तिनं तिथंच फोटो उरकले. कपाळभर मळवट, भुवयांपर्यंत झेंडूचा मुकुट, कानांवर फुलांच्या माळा. फोनसाठी क्रांती म्हणजे ती नटलेली बाई.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "फोटो बदलायला वरनं मंजुरी लागती बाई. अर्ज करा. लागतील दोन-तीन म्हैने."

"तवर पोर काय पिणार, मॅडम?"

पलीकडून फोन कट.

तानाबाईनं क्रांतीसोबत आलेल्या सासूला म्हटलं, "आक्का, परड्यातला झेंडू तोडून आणा. दोरा बी आणा."

मुकुट झाला. मळवट भरला. ओच्यात पोर, डोक्यावर फुलं, अशी क्रांती किटल्यांच्या मधे बसली. गडीमाणसं खिदळायला लागली. कुणीतरी ओरडलं, "नवरीला पावणं कुठलं आणायचं म्हणायचं?" क्रांतीनं मान वर केली नाही. तानाबाईनं हनुवटीला धरून ती हळूच उचलली.

फोन हिरवा झाला.

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. क्रांतीनं मुकुट ओढून काढला, पाकीट छातीशी धरलं आणि म्हणाली, "फुडल्या म्हैन्यात न्हाय बसणार मी असली. सांगून ठेवते."

पायरीवर टेकावं म्हणून तानाबाई वळली, तर मागं सबिना उभी. पोर कडेवर, नजर खाली. तीही त्या दिवशीच्या डोहाळजेवणात होती. तिच्यामागं अजून चौघी.

सबिनानं खाली पडलेला मुकुट उचलला, सुटलेली फुलं झटकली आणि डोक्यावर ठेवला.

"नीट बसलाय काय, बाई?"

तानाबाईनं फोन परत वर धरला.

"थोडा खाली वढ," ती म्हणाली. "भुवयांपतोर."