पेटी नको, मेंडोलिन

मुलीनं एखादं वाद्य शिकावं असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. कोणतं, हे मात्र मुलीला विचारायची पद्धत नव्हती. वाद्य म्हणजे पेटी. नाचणगावात आमच्या आळीत एकच पेटी होती आणि ज्या घरी मुलगी पाहायला पाहुणे येत, त्या घरी ती आदल्या संध्याकाळी पोचायची. मुलीनं डोक्यावर पदर घेऊन दोन भजनं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पेटी परत द्यायची. मुलगी पसंत पडो न पडो, पेटीला मात्र आळीत फार मान होता.

मी गावातल्या मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. आमचा जिल्हा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता. बाबा वर्ध्याला कचेरीत कारकून, पुलगावहून पॅसेंजरनं रोज जाऊन येऊन करायचे. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते बाबांच्या विधवा बहिणीनं, आत्याबाईनं. पगार मी बाबांच्या हाती देत असे, पण पहिल्याच महिन्यात मी सांगून टाकलं होतं की त्यातला थोडा माझ्याजवळ राहील. बाबांनी ते मान्य केलं. आत्याबाई मात्र पुष्कळ बोलली. वर्षभरानं माझ्याजवळ साधी पेटी येईल एवढे पैसे जमले, तेव्हा तिचा आवाज एकदम गोड झाला.

"आता आपली सोताची पेटी घे," ती म्हणाली. "कोनाच्या दारी मांगाले जायचं काम नाई."

"मले मेंडोलिन पाह्यजे," मी म्हटलं.

तिला तो शब्दच ठाऊक नव्हता. मलाही फार दिवसांपासून ठाऊक होता असं नाही. शाळेच्या वाटेवर एका हॉटेलात रेडिओ लावलेला असायचा. त्यातल्या गाण्यांच्या मागं एक वाद्य वाजे. त्याचे सूर इतके भरभर आणि थरथरत येत की मी छत्री उघडण्याच्या, चपलेतला खडा काढण्याच्या निमित्तानं तिथं थांबत असे. त्या वाद्याचं नाव बाबांनी कचेरीत विचारून आणलं. ते बँडवाले आणि सिनेमावाले वाजवतात, हेही आणलं. आत्याबाईनं त्यातलं दुसरंच तेवढं ऐकलं.

"मंग आता बँडात जाशीन काय? वरातीच्या पुढं चालशीन?"

पेटी मला येत होती, लहानपणीच शिकवली होती. येत होती म्हणूनच नको होती. ती कशासाठी शिकवली हे मला पक्कं माहीत होतं, आणि त्या कशासाठीचा मला मनस्वी राग होता. तो राग आजही गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका सुट्टीच्या दिवशी बाबा मला वर्ध्याला घेऊन गेले. दोन्ही पाहू, मग ठरवू, असं ते गाडीत म्हणाले. म्हणजे पेटी घ्यायची, हे मला समजलं. स्टेशनापासून जवळच वाद्यांचं एक दुकान होतं. दुकानदार पेटी दुरुस्तीत नावाजलेला, गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे येत. आम्ही बसतो न बसतो तोच त्यानं न विचारता एक पेटी माझ्यासमोर ठेवली.

"मेंडोलिन दाखवा," मी म्हटलं.

त्यानं बाबांकडे पाहिलं. "बाबूजी, पोरीले समजावून सांगा न. हे काही घरचं वाद्य होय?"

बाबा फळीवर मांडलेल्या तबल्यांकडे पाहत राहिले. माझ्या बाजूनं बोलायला त्यांना संकोच होता आणि माझ्याविरुद्ध बोलायला धीर नव्हता. दुकानदारानं नाइलाजानं तीन मेंडोलिनं काढली. एक परदेशी, आरशासारखं चकचकीत. एक नवं, हिरवं, अंगभर फुलं रंगवलेलं. तिसरं काळं, जुनं, कुठल्यातरी बँडवाल्यानं विकून टाकलेलं.

मेंडोलिन कसं निवडतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पण सूर मला कळत होता, आणि सूर तपासायचं यंत्र तर दुकानदारानं आपण होऊनच पुढ्यात ठेवलं होतं. मी पेटी ओढून घेतली. दुकानदाराचा चेहरा खुलला.

"बाबा, तुमी भाता मारा," मी म्हटलं, "अन् मी सांगीन ती पट्टी दाबून ठेवा."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कोटाच्या बाह्या वर सारून ते भाता हलवू लागले. मी मेंडोलिनच्या मानेवरच्या एकेका आडव्या पडद्यावर तार दाबून वाजवायची आणि पेटीच्या सुराशी ताडून पाहायची. दुकानाबाहेर दोनचार माणसं थांबली. कचेरीतला कारकून भर बाजारात पेटीचा भाता मारतोय आणि मुलगी तार छेडतेय, असा तमाशा वर्ध्यात रोज होत नसावा. थांबोत बापडे, म्हटलं मी मनात.

परदेशी मेंडोलिन प्रत्येक पडद्यावर चोख बोललं. त्याची किंमत ऐकून मी ते हळूच खाली ठेवलं. ते आपल्या आवाक्यातलं नाही हे आधीच दिसत होतं, पण सुरेल मेंडोलिन कसं बोलतं ते एकदा कानांत भरून घ्यायचं होतं. फुलांचं माझ्या पैशात बसत होतं. दुकानदारानं त्याची फार तारीफ केली. पण त्याचा एक पडदा चढा तर पुढचा उतरा, आणि आवाज बिस्किटाच्या डब्यासारखा. ज्यानं ते बनवलं त्याचं सारं लक्ष फुलांकडे होतं.

काळं सगळ्यांत स्वस्त होतं. मोकळी तार छेडली तर तिचा सूर लांबपर्यंत टिकून राहिला. माझं मन तिथंच बसलं. पण पडद्यावर बोट ठेवलं की सूर चढा लागायचा. पहिल्या पडद्यावर किंचित, पुढं आणखी, आणि वरच्या सा वर तर असा किंचाळला की बाहेरची माणसं हसली.

"बेसूर हाये ते," दुकानदार म्हणाला. "मनून त पडून हाये. सारेच पाहून ठेवून देतेत."

पण मला त्या बेसूरपणातही एक शिस्त दिसत होती. फुलांच्या मेंडोलिनची चूक कुठंही, कशीही होती. याची ओळीनं वाढत जात होती. वर्गात एखाद्या पोरीचं उदाहरण असं पायरी पायरीनं चुकत गेलं की मी पहिली पायरी पाहते, बाकीच्या पायऱ्यांशी भांडत नाही. तारेच्या बरोब्बर मध्यावर वरचा सा लागतो, हे मी मास्तरकीचं शिक्षण घेताना नॉर्मल स्कूलमध्ये शिकले होते. आमच्या शाळेत मुलींना टकळीवर सूत कातायला शिकवावं लागे, म्हणून माझ्या पिशवीत सुताची गुंडी कायम असायची. मी सूत काढलं, तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरलं, दुमडून अर्धं केलं आणि पाहिलं. मध्य वरच्या सा च्या पडद्यावर येत नव्हता, चांगला अलीकडे पडत होता. म्हणजे पडदे ठीक होते, तारच आखूड पडत होती. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात, जिला घोडी म्हणतात, ती मानेच्या बाजूला सरकून बसली होती. मी ती हलवून पाहिली. हलेना. तिच्या पायाशी सरसाचा पिवळा ओघळ वाळलेला होता.

"हे कोनं चिकटवलं?"

"मीनं," तो अभिमानानं म्हणाला. "आलं तवा ढिल्लं होतं, सरकत होतं. पक्कं करून देल्लं."

मी परदेशी मेंडोलिनच्या घोडीला बोट लावलं. तीही जराशी सरकली. ती चिकटवायची नसतेच, नुसत्या तारांच्या दाबानं उभी असते. दुकानदारानं ते पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हेबी सुटलं वाटते," आणि त्याची नजर सरसाच्या भांड्याकडे गेली. मी ते मेंडोलिन उचलून बाबांच्या मांडीवर ठेवलं.

माणूस वाईट नव्हता. पेटीत जे ढिलं असतं ते बिघडलेलं असतं, आणि त्याचं सगळं आयुष्य पेट्यांत गेलं होतं. पण मी त्याला घोडी सोडवून द्या म्हटलं आणि तो भडकला.

"तुया जल्माच्या आंधीपासून पेट्या दुरुस्त करून राह्यलो मी. कालची पोरगी तू, मले काऊन शिकवतं?"

"पेटीतलं नाई शिकवत, काका. हे पेटी नाई."

"तोडताना वरची फळी उपटून आली त? घ्याचं असन त जसं हाये तसं घ्या. वापस घेनार नाई."

बाबा मला दुकानाबाहेर घेऊन गेले. "पैसे तुये हायेत," ते हळू आवाजात म्हणाले. "पन आयक. हे बेसूरच राह्यलं, त दुसऱ्यांदा मी काही म्हननार नाई. मंग आत्याबाई म्हनन ते. पेटी म्हनन त पेटी."

पेटी म्हणजे नुसती पेटी नव्हती. पेटीपाठोपाठ पाहुणे, पाहुण्यांपाठोपाठ आणखी काय काय, हे आम्हां दोघांनाही समजत होतं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण समोर दुकानदार हाताची घडी घालून माझ्याकडे बघत उभा होता, आणि ते बघणं मला भीतीपेक्षा जास्त झोंबलं. मी आत गेले आणि काळं मेंडोलिन घेतलं.

घरी आत्याबाईनं त्याला सगळ्या बाजूंनी पाहिलं. "पैसे देऊन काळं अन् बेसूर आनलं," एवढंच बोलून ती भाकरी थापायला बसली. तिच्या भाकरी आटोपल्यावर मी चुलीवर चहाची किटली ठेवली. तारा सैल केल्या आणि किटलीच्या तोटीतून येणारी वाफ घोडीच्या पायाशी धरली. बाबा पाटावर बसून पाहत होते. सरस मऊ पडत आला तशी मी पत्र्याची पातळ पट्टी हळूहळू खाली सरकवली. करकर आवाज झाला. घोडी सुटली. सोबत चिंचोक्याएवढं रोगण उपटून आलं. फळी शाबूत होती.

घोडी सुतानं मापून मी योग्य जागी उभी केली, तारा चढवल्या, मोकळी तार छेडली आणि मग वरचा सा दाबला. तो लागला. असा लागला की मी पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि बाबांकडे बघून ओरडले, "जुळला!" आत्याबाई म्हणाली, "शेजारी निजले असतीन." पण तिलाही सूर कळत होता. त्याला बेसूर ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

पाहुणे यायचे ते आलेच. पुढच्या वर्षी जाम गावाकडचं एक स्थळ आलं. हमरस्त्यावर दुकान, मुलगा नागपूरला नोकरीत. आत्याबाईनं आळीतली पेटी आणून ठेवली. मुलाच्या वडिलांनी भजन म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, "पेटी शेजाऱ्यांची आहे. माझं वाद्य आत आहे," आणि मेंडोलिन आणून तेच भजन त्याच्यावर वाजवलं. मुलगा गुडघ्यावर बोटानं ताल धरत होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचं बोट थांबलं. तिथंच तो माझ्या मनातून उतरला.

आठवड्यानं मध्यस्थ घरी आले, आमचे दूरचे मामा. "पसंत हाये पोरगी," ते म्हणाले. "देन्याघेन्याचं काही नाई. फक्त ते वाद्य इकडंच ठेवून यावं म्हनतेत. घरच्या सुनेनं बँडवाल्यावानी वाजवलेलं बरं दिसत नाई."

"ठेवू न!" आत्याबाईनं हात जोडले. "संदुकीत ठेवतो मी. हो म्हना त्यायले."

मामांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले, जसं काही कोर्टात तारीख पडली होती आणि साक्ष माझी होती.

"मामा," मी म्हटलं, "त्यायले सांगा, मेंडोलिनले मुलगा पसंत नाई."

आत्याबाईनं तोंडाला पदर लावला. मामा कपाळावरचा घाम पुसत बाबांकडे वळले. "आता हे असं मी कसं सांगू, भाऊजी?"

बाबांनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. "पोरगी बोलली तसंच सांगजा," ते म्हणाले. "अन् हेबी सांगजा का तिचा बाप तिथंच बसून होता."