दचकायची थांबलेली

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नौपाड्यात कानाच्या दवाखान्यात मी आईला घेऊन बसलेले. शेजारी तिशीतली ती आणि तिचा नवरा. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "कितीही ओरडा, ढिम्म हलत नाही ही!" ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

तो तिचा रिपोर्ट आणायला आत गेला, तेव्हा मी विचारलं, "नोकरी करता?"

"कोलशेतला, लॅबमध्ये. झेब्राफिशच्या पिल्लांना ऐकू येतं का ते बघतो. ताटलीवर टकटक केली की ती उसळतात."

"सगळी?"

"आधी सगळी. ठोकतच राहिलं की थांबतात." मग हळू आवाजात म्हणाली, "बहिरी नाही होत हो ताई. उसळून काही उपयोग नाही, एवढं कळतं त्यांना."

नवरा बाहेर आला. "कान ठणठणीत आहेत म्हणे! नुसती नाटकं!" त्याने फाईल तिच्या शेजारी बाकावर दाणकन आपटली.

माझ्या आईला जेमतेम ऐकू येतं. तीसुद्धा दचकली.

तिने मात्र ओढणीचं टोक सोडलं, फाईल उचलली आणि ती त्याच्यामागे निघाली.