तिच्या माडाचं हुमण

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा गावात कुणाला काही उपयोग नसतो. गणिताच्या मास्तराकडे पोरं शिकवणीला येतात, माझ्याकडे निवृत्तीनंतर वीजबिल वाचून दाखवा म्हणूनसुद्धा कुणी आलं नाही. तीसेक वर्षं मी पार्सेहून डिचोलीतल्या एका कॉलेजात जाऊन-येऊन केली. बसमध्ये पेपर तपासले, बसमध्येच झोपलो, आणि दरवर्षी एक तास मात्र जिवापाड जपून ठेवला.

त्या तासाला फळ्यावर दोनच शब्द लिहायचो. रानटी कोण? मग पोरांना माझीच गोष्ट सांगायचो. लहानपणी केरीला मामाकडे गेलो, की मामी तेरेखोलच्या खाडीपलीकडे बोट दाखवून बजावायची, तिकडे जाऊ नकोस, तिकडचे लोक पुलाच्या पायात पोरांची डोकी पुरतात. पुढे कॉलेजात खाडीपलीकडचाच एक सहकारी भेटला. त्याला त्याच्या घरी आमच्याबद्दल हेच सांगितलेलं होतं, डोक्यांची संख्यासुद्धा तीच. माणूस खाणारी माणसं जगात सगळ्यांनी ऐकलेली असतात आणि ती नेहमी दुसऱ्या काठावर राहतात, असं मी म्हणायचो. जहाजांतून आलेल्यांनी कुणाकुणाला नरभक्षक म्हणून लिहून ठेवलं आणि मग त्यांच्या जमिनी कशा घेतल्या, तेही सांगायचो.

पोरं एव्हाना खूश झालेली असत, कारण रानटी आपण नाही हे ठरलेलं असे. तेव्हा मी शेवटचं काढायचो. असेही लोक होते, की ते आपल्या मेलेल्या माणसाची राख पेजेत कालवून पीत. मायेनं पीत. आपल्या माणसाला थंड मातीत एकटं टाकून यायचं, हे त्यांना भयंकर वाटे. सगळा वर्ग एका सुरात "शी" करायचा. मी खडू खाली ठेवून सांगायचो, तुमची ही किळस म्हणजे विचार नव्हे, नुसती सवय आहे. या वाक्यावर मी फार खूश होतो.

बायकोला हा तास पाठ होता. "त्या पोरांक कित्याक भिवयतात तुमी?" असं ती दरवर्षी विचारायची आणि डबा भरून द्यायची. आजारी पडली तेव्हा तिनं सगळं आपणच ठरवून टाकलं. "माका हयंच आमच्या भाटात जाळा. वयर एक माड लाया. कायतरी उपेग जावंदी माजो." घरामागची आमची नारळाची बाग, तिला आम्ही भाट म्हणतो. तिथंच तिला अग्नी दिला आणि त्या जागी माड लावला. आमच्या घराण्यात हे आधीही झालेलं आहे. अशा माडाचे पहिले नारळ मात्र घरात आणायचे नाहीत, देवळात द्यायचे, ही रीत.

आठ वर्षांनी त्या माडाला नारळ धरले. नवव्या वर्षी नारळ पाडणारा पाडेली पहिला घड घेऊन खाली उतरला आणि म्हणाला, "सर, हे देवळात पावयतंय."

"नाका," मी म्हटलं. "हयंच ठेय."

त्यानं नारळ तिथंच बुंध्याशी ठेवले. मला तेव्हा वाटलं, मी रीतीला भीत नाही म्हणून असं केलं. खरं कारण साधं होतं. नऊ वर्षं मी एकटा जेवत होतो. टीव्ही लावून जेवायचो, पेपर पसरून जेवायचो, कधी तर ओट्याशी उभ्या उभ्या दोन घास टाकायचो. त्या नारळांकडे बघून मनात आलं, की एकदा तरी आम्ही तिघं जेवायला बसू.

तिसरी म्हणजे आमची मुलगी. एकुलती एक, बंगळूरला नोकरी करते. दिवाळीनंतर चार दिवसांसाठी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून बांगडे आणले, आदोळीवर बसून नारळ खवला, मिरच्या-धणे लावून मऊ वाटलं, तिरफळं ठेचून घातली आणि हुमण केलं. बायको करायची तसंच, तिच्याच मातीच्या कुंडल्यात. मुलीला आधी सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण ती नको म्हणाली असती, तर? मला ती त्या ताटावर बसायला हवी होती, म्हणून मी गप्प राहिलो.

ती मन लावून जेवली. एरवी जेवताना तिच्या एका हातात फोन असतो, त्या दिवशी नव्हता. दुसऱ्यांदा भात घेतला, हुमण वाढून घेतलं, बोटं चाटली. मला इतकं बरं वाटत होतं, की राहवलं नाही. म्हटलं, "आईच्या माडाचो नारळ तो."

तिचा हात ताटातच थांबला. "आदी कित्याक सांगूक नाय माका?"

त्या वेळी गप्प बसायला हवं होतं, किंवा चुकलं म्हणायला हवं होतं. मी तास सुरू केला. किळस म्हणजे विचार नव्हे, राख पेजेत घालून पिणारे लोक, माया, सगळं. माझ्या मुलीला, आईच्या चितेपासून पन्नास पावलांवर. ती उठली, हात धुतले आणि दुपारभर बाहेर सोप्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅग भरली. दोन दिवस आधीच. जाताना "गोळयो वेळार घेया" एवढंच म्हणाली.

हुमण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. मी ताट वाढून घेतलं, पण तसंच बाजूला सारलं. किळस मला नव्हती. लाज वाटत होती. शेवटी ते मांजराला घातलं आणि उरलेले नारळ पाडेलीला बोलावून देऊन टाकले.

पुढे पाच-सहा आठवडे आम्ही फोनवर हवापाण्याचं बोललो. मग एका रविवारी ती आपणहून म्हणाली, "पपा, त्या दिसा माका किळस येवक नाय."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"आईच्या हातची चव लागली म्हणान मी दुसऱ्यांदा वाढून घेतलंय. आई गेल्यार पयल्यांदाच तशी लागली. कित्याक ता माका कळूक नाय, आनी तुमकां सगळां खबर होतां." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी तिच्याबरोबर जेवलात, पपा. माका नुसतां वाढलात."

एवढी वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले. असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. एकटं जेवण्याचा मी एवढा धसका घेतला होता, आणि समोर बसलेल्या पोरीला पंगतीतून उठवून मी एकटाच जेवलो होतो. "चुकलां माजां," एवढंच म्हणालो. मग तिनं विचारलं, माडावर आणखी नारळ आहेत का. आहेत म्हटलं.

"पाडू नकात. मी येतंय तेव्हा."

कधी ते ती बोलली नाही. मी विचारायला हवं होतं. दर रविवारी विचारायचं ठरवतो, मग पाऊस पडला का, गोळ्या घेतल्या का, एवढंच होतं आणि फोन ठेवला जातो. दोनदा मालवणी मसाला पाठवू का म्हणून विचारलं. तिनं नको म्हटलं.

गेल्या आठवड्यात पाडेली आला. भाटातल्या बाकी सगळ्या माडांचे नारळ पाडून झाले, तेव्हा त्या एका माडाखाली उभा राहून वर बघत राहिला. नारळ सुकून काळे पडले होते, चार आपसूक खाली पडले होते.

"सर, कोणाक ठेयल्यात?"

"माज्या चेडवाक."

"केन्ना येता ती?"

"येतली," मी म्हटलं.

त्यानं कोयता कमरेला अडकवला आणि शेजारच्यांच्या भाटात गेला.