पाठ फिरवायची सवय

माझा धाकटा भाऊ बॉक्सर आहे, आणि आमच्या नायगावात दर दुसऱ्या माणसाला बॉक्सिंगमधलं त्याच्यापेक्षा जास्त कळतं. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, लग्न केलेलं नाही, आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असेना. आयुष्यात कधी कोणाची चापट न खाल्लेले लोक शहाणपण पाजळायला लागले की माझं डोकं फिरतं.

भाऊ चाळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये रोज सकाळी बॉक्सिंगचा क्लास घ्यायचा. पुनर्विकासात नायगावची ती चाळ पाडली, त्यात हॉलही गेला. आई, तो आणि मी लालबागला भाड्याच्या खोलीत आलो. नव्या टॉवरात स्विमिंग पूल होणार म्हणे. हॉलचं नाव कोणी काढत नाही. भाऊ मात्र सवयीने पहाटे उठायचा, बूट घालायचा आणि खिडकीपाशी बसून राहायचा. बूट घालून बसलेला तो माणूस मला बघवत नसे.

मग लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची जिम निघाली. तिथे एमएमए शिकवतात. एमएमए म्हणजे ठोसा, लाथ, कुस्ती, गळा आवळणं, सगळ्याची मिसळ, आणि तीही जाळीच्या पिंजऱ्यात. दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेली माणसं संध्याकाळी तिथे येऊन स्वतःला वाघ समजतात आणि घरी जाताना लिफ्टची वाट बघत उभी राहतात, कारण जिने चढून पाय दुखतात.

जिमच्या मालकाला ठोसे शिकवणारा मास्तर हवा होता. त्याने भावाला बघितलं, खूश झाला, आणि म्हणाला, “पंच सॉलिड है ब्रो, पर क्लायंट पूछेगा, केज में लडा है क्या? एक फाइट जीत के दिखा, जॉब तेरा.” माझ्या भावाला हा ब्रो म्हणतो. याच्या वयाची पोरं माझ्या भावाकडे लाइनीत उभी राहून नमस्कार करायची. पण नोकरी हवी होती, आणि नोकरीपेक्षाही सकाळी उठून जायला एक जागा हवी होती. भाऊ हो म्हणाला.

बातमी पसरली आणि नाक्यावरचे तज्ज्ञ जागे झाले. बॉक्सर पिंजऱ्यात टिकतच नाही, पायात घुसून आडवा केला की खेळ खल्लास, असं एका काकांनी मला भाजीच्या पिशवीसकट थांबवून सांगितलं. या काकांना गुडघेदुखीमुळे स्वतःची चप्पल वाकून घालता येत नाही. मी म्हटलं, “काका, तुम्ही उतरा ना मग, तुम्हाला सगळं येतंय.” तेव्हापासून ते मला बघितलं की रस्ता ओलांडतात.

तरी त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला भाऊच सांगायचा. बॉक्सरला कमरेखाली काही आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे कोणी पाय धरले तर तो भांबावतो. म्हणून तो जेवणं झाल्यावर मला म्हणायचा, “ताई, धाव माझ्या पायांवर.” मी ओढणी खोचून धावायची. तो पाय मागे टाकून वरून अंगाचा भार द्यायचा, आणि आई ओरडायची, “अरे, खाली लोक राहतात.” शिकला तो. मेहनतीला कधीच कमी नव्हता.

एका रविवारी संध्याकाळी जिममध्येच लढत झाली. आई आली नाही, मी गेले. इतका गोंगाट, इतका धूर, इतके दिवे, की गणपतीतला लाउडस्पीकर बरा. समोरचा गोंदवलेला पोरगा दोनदा भावाच्या पायात घुसला, दोन्हीदा भावाने त्याला झटकला. मग भावाचा डावा हात असा काही गेला की तो पोरगा धाडकन पडला. मी खुर्चीवरून उठले. आपलं काम झालं असं मला वाटलं.

आणि भावाने पाठ फिरवली.

बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला की आपण दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, पंच दहापर्यंत आकडे मोजतो. त्याच्या बॉक्सिंगच्या सरांनी हे लहानपणीच त्याच्या अंगात भिनवलं होतं. पडलेल्याकडे नुसतं रागाने बघितलं तरी ते पोराला घरी पाठवायचे. भाऊ शांतपणे जाळीपाशी गेला, हात खाली सोडले आणि आकड्यांची वाट बघत राहिला. पिंजऱ्यात कोणी आकडे मोजत नाही. लोक ओरडत होते, “अरे मार ना त्याला, जा, मार.” त्याला कळेचना की ते कोणाला सांगतायत. तो पोरगा उठला, मागून आला आणि गळ्याला विळखा घातला. भाऊ हरला.

लोक हसले. हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. त्याचा व्हिडिओ केला, या फोनवरून त्या फोनवर फिरवला. मला त्या सगळ्यांच्या कानाखाली एकेक वाजवावीशी वाटली. इतकं चांगलं वळण असलेला माणूस त्या अख्ख्या गर्दीत एकच होता, आणि तोच त्यांना जोकर वाटला.

व्हिडिओने जिमचं नाव झालं म्हणून मालकाने त्याला आणखी एक संधी दिली. उपकारच ते. म्हणाला, “सब आता है तेरे को, बस फिनिश करना सीख.” मग एक माणसाएवढं चामड्याचं बाहुलं जमिनीवर ठेवून भावाला त्याच्या छातीवर बसवलं. पंच येऊन आपल्याला ओढून काढेपर्यंत तोंडावर मारत राहायचं, हा धडा. मी एकदा ऑफिस सुटल्यावर बघायला गेले. भाऊ दोन ठोसे मारायचा आणि थांबायचा. बाहुल्यावरसुद्धा हात चालत नव्हता त्याचा. मी येताना त्याला म्हटलं, “सोड रे हे. करू काहीतरी दुसरं.” तो म्हणाला, “दुसरं काय येतं मला?”

दुसऱ्या लढतीतही त्याने समोरच्याला पाडलं. या वेळी पाठ फिरवली नाही. छातीवर बसला आणि मारत गेला. खालच्या माणसाने एक हात तोंडावर घेतला होता, दुसरा नुसताच हवेत. पंचाने भावाला दोन्ही हातांनी खेचलं तेव्हा तो थांबला. नाक्यावरचे ते काका पहिल्या रांगेत शिट्ट्या मारत होते. म्हणजे बॉक्सरला एमएमए जमतं, लिहून घ्या कोणाला हवं असेल तर.

घरी आलो तर आई तबक घेऊन दारात. शेजारच्यांनी आधीच सांगितलं होतं. तिने निरांजन लावलं, पाट मांडला. भाऊ पाटावर चढेना.

“ओवाळू नकोस, आई,” तो म्हणाला. “पडलेल्याला मारून आलोय.”

आईला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “पण जिंकलास ना रे?”

“नोकरी मिळाली,” भाऊ म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला.